शाई वाळते, यंत्र भंगारात जाते : इंकजेट प्रिंटरच्या देखभालीचा दुर्लक्षित प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत देशाच्या मोठ्या भागातील शाळा आणि महाविद्यालये बंद असतात. त्यांच्या कार्यालयांतील प्रिंटरही या काळात आच्छादनाखाली पडून राहतात. जूनमध्ये प्रवेशप्रक्रिया सुरू होते, दाखले, अर्ज आणि पावत्यांची निकड निर्माण होते आणि नेमक्या त्याच वेळी प्रिंटरमधून बाहेर येणाऱ्या कागदावर मजकुराऐवजी आडव्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. टाकीत शाई असते, कागद सुरळीत सरकत असतो, यंत्रावर कोणताही इशारा नसतो. तरीही शाई कागदापर्यंत पोहोचत नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांच्या भाषेत याला ‘हेड चोक होणे’ म्हणतात. वरकरणी हा एका यंत्राचा किरकोळ बिघाड वाटतो. मात्र त्याची व्याप्ती मोठी आहे. महाराष्ट्रातील ‘आपले सरकार’ सेवा केंद्रे, केरळमधील ‘अक्षय’ केंद्रे आणि देशभरातील सामाईक सेवा केंद्रे यांच्यामार्फत नागरिकांना मिळणाऱ्या सेवांचा शेवट आजही बहुधा एका छापील कागदाने होतो. सेवा केंद्रचालक, झेरॉक्सची दुकाने, छायाचित्रकार आणि लहान व्यापारी यांचा रोजगार या यंत्रावर अवलंबून आहे. कोविड महासाथीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, घरून चालणाऱ्या अभ्यासासाठी आणि कामासाठी अनेक कुटुंबांनी प्रिंटर घेतले. वर्ग पूर्ववत सुरू झाल्यावर त्यांचा वापर कमी झाला. इंकजेट यंत्राच्या बाबतीत मात्र न वापरणे म्हणजे जपून ठेवणे नव्हे, ही गोष्ट ग्राहकाला खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते. या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

शाईचा अंतर्विरोध

उष्णतेवर चालणाऱ्या इंकजेट तंत्रज्ञानाचा पाया एका योगायोगाने घातला गेला, असे सांगितले जाते. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईचा चुकून स्पर्श झाला आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने निर्माण झालेल्या बुडबुड्याच्या दाबाने शाईचा थेंब बाहेर फेकता येतो, हे त्यातून लक्षात आले. अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधले आणि १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ हा प्रिंटर बाजारात आणला. एप्सन कंपनीने वेगळा मार्ग स्वीकारला. विजेचा दाब दिल्यावर किंचित वाकणाऱ्या पिझो घटकाच्या साहाय्याने शाई बाहेर ढकलणारे प्रिंटहेड तिने १९९० च्या दशकात घरगुती बाजारपेठेत आणले. आज वापरात असलेले बहुतेक घरगुती इंकजेट प्रिंटर या दोनपैकी एका पद्धतीने चालतात.

दोन्ही पद्धतींत प्रिंटहेडवर शेकडो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ७० मायक्रॉन धरली, तर ही छिद्रे तिच्याहून बरीच बारीक असतात. त्यातून बाहेर पडणारा थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे एका लिटरच्या अब्जांश भागाच्याही हजाराव्या हिश्श्याच्या मापात मोजावा लागणारा असतो. एवढ्या लहान वाटेत शाईचा पातळ थर वाळला, तरी वाट बंद होते.

शाईकडून येथे दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. कागदावर पडताच तिने लवकर वाळावे आणि छिद्राच्या तोंडाशी असताना अजिबात वाळू नये. त्यासाठी शाईतील पाण्यात ग्लिसरिन किंवा ग्लायकॉल यांसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव्य मिसळलेले असते. असे असूनही छिद्राच्या तोंडाशी शाईचा हवेशी संबंध येतो आणि पाण्याचे बाष्पीभवन होत राहते. शाई हळूहळू घट्ट होते. रंगद्रव्य पूर्णपणे विरघळलेल्या, म्हणजे डाय प्रकारच्या शाईचा साका पाण्याने तुलनेने सहज सुटतो. पिगमेंट प्रकारच्या शाईत रंगाचे बारीक कण केवळ तरंगत असतात. ते एकत्र येऊन घट्ट बसले की त्यांना पुन्हा मोकळे करणे अवघड जाते. पाणी लागले तरी न फुटणारी छपाई हा पिगमेंट शाईचा गुण आहे आणि छिद्रात वाळल्यावर तोच गुण अडचणीचा ठरतो.

हे टाळण्याची व्यवस्था यंत्रातच केलेली असते. काम संपल्यावर प्रिंटहेड एका कडेला जाऊन थांबते आणि खालून रबरी कडा असलेली टोपी त्याला घट्ट लागते. ही टोपी छिद्रांभोवतीचा ओलावा टिकवते. तिला जोडलेला पंप गरजेनुसार शाई ओढून घेतो आणि शेजारची रबरी पट्टी प्रिंटहेडचा पृष्ठभाग पुसते. प्रिंटर सुरू करताना ऐकू येणारी घरघर बहुतांशी या व्यवस्थेचीच असते.

हवामान आणि विजेची सवय

भारतीय परिस्थितीत या व्यवस्थेवर अधिक ताण पडतो. अनेक घरगुती प्रिंटरसाठी उत्पादकांनी १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता अशी मर्यादा नमूद केलेली असते. चंद्रपूर, नागपूर किंवा राजस्थानातील चुरू येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. पत्र्याच्या छपराखालील दुकानातील स्थिती याहून वेगळी नसते. बंद शाळेतील प्रिंटर वर्षातील सर्वांत उष्ण आठवडे न वापरता काढतो. त्यामुळे जूनमधील बिघाड हा आकस्मिक नसतो, तो आधीचे दोन महिने घडत आलेला असतो.

दुसरे कारण सवयीचे आहे. काम संपल्यावर भिंतीवरील बटण बंद करण्याची शिस्त बहुतेक घरांत आणि कार्यालयांत पाळली जाते. विजेची बचत आणि सुरक्षितता या दृष्टीने ती योग्यच आहे. मात्र छपाई चालू असताना किंवा ती संपल्याबरोबर थेट वीजपुरवठा तोडल्यास प्रिंटहेड आपल्या जागी पोहोचत नाही आणि टोपी लागत नाही. भारनियमन किंवा अचानक खंडित होणारी वीज यांमुळेही हेच घडते. त्या रात्री प्रिंटहेड उघडे राहते. प्रथम प्रिंटरवरील बटण दाबणे, यंत्र पूर्णपणे शांत होऊ देणे आणि त्यानंतरच भिंतीवरील बटण बंद करणे, एवढ्या क्रमाने हा धोका टळतो. वीज अवेळी गेली असल्यास पुरवठा परत आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून त्याच्याच बटणाने बंद करणे हितावह ठरते.

प्रतिबंधाचा उर्वरित भागही खर्चिक नाही. आठवड्यातून एकदा सर्व रंग वापरले जातील असे एखादे पान छापल्याने छिद्रांतील जुनी शाई निघून जाते. केवळ काळ्या मजकुराचे पान त्यासाठी पुरेसे नसते, कारण निळी, गुलाबी आणि पिवळी शाई तशीच पडून राहते. प्रिंटर खिडकीतून येणाऱ्या उन्हात किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नये. कागदाची धूळ आत जाऊ नये म्हणून त्यावर आच्छादन असावे. टाकीतील शाई किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नये, कारण नळीत हवा शिरल्यास तीही शाईचा प्रवाह अडवते. शाळांच्या बाबतीत सुट्टीच्या काळात कार्यालयात येणाऱ्या कर्मचाऱ्याकडे हे साप्ताहिक पान छापण्याचे काम सोपवले, तरी जूनमधील बराचसा खोळंबा टळू शकतो.

दुरुस्तीचा क्रम

बिघाड झालाच, तर उपायांचा क्रम महत्त्वाचा असतो. पहिली पायरी निदानाची आहे. बहुतेक प्रिंटरमध्ये ‘नोझल चेक’ची सोय असते. तिच्याद्वारे छापल्या जाणाऱ्या बारीक रेषांच्या नमुन्यावरून दोषाचे स्वरूप कळते. दर वेळी त्याच ठिकाणी रेषा तुटत असतील, तर तेथील छिद्रे वाळलेल्या शाईने बंद झाली असण्याची शक्यता अधिक असते. तुटण्याची जागा बदलत असेल, तर नळीत किंवा प्रिंटहेडमध्ये हवा शिरल्याचा संशय घ्यावा लागतो. एखादा रंग संपूर्ण नाहीसा झाला असल्यास टाकी, हवेची वाट, पंप किंवा विद्युत भाग यांची तपासणी आवश्यक ठरते. प्रत्येक दोषाला ‘हेड चोक’ समजून शाईने धुऊन काढण्याचा प्रयत्न केल्यास शाई वाया जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

दुसरी पायरी ‘हेड क्लीनिंग’ची आहे. यात पंप छिद्रांतून शाई ओढून घेतो. एक-दोन वेळा ही प्रक्रिया करून पुन्हा नमुना छापावा. सुधारणा न दिसल्यास सलग आठ-दहा वेळा तीच आज्ञा देण्याचा मोह टाळणे आवश्यक असते. उत्पादकांच्या माहितीपुस्तिकाही अशा वेळी यंत्र बंद करून काही तास थांबण्याचा सल्ला देतात. काही टाकीयुक्त प्रिंटरसाठी हा अवधी १२ तासांचा सांगितला जातो. या विश्रांतीत ताज्या शाईतील ओलावा वाळलेल्या थराला मऊ करतो आणि हवेचे बुडबुडे वर सरकतात. रात्रभर थांबल्यानंतर केलेली एक सफाई आदल्या दिवशीच्या अनेक सफायांपेक्षा परिणामकारक ठरू शकते. नळीतील सर्व शाई बदलणारी जोरकस सफाई हा त्यापुढचा उपाय आहे. त्यात मोठ्या प्रमाणात शाई खर्च होते. टाक्या पुरेशा भरलेल्या नसताना ती केल्यास हवा आत ओढली जाऊन नवा बिघाड उद्भवतो.

तिसरी पायरी हाताने करावयाच्या सफाईची आहे आणि तेथे यंत्राची रचना पाहणे अनिवार्य आहे. काही प्रिंटरमध्ये प्रिंटहेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. असे कार्ट्रिज बाहेर काढून, कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर छिद्रांची बाजू काही मिनिटे टेकवून ठेवली असता वाळलेली शाई सुटू शकते. नळाच्या पाण्यातील क्षार छिद्रांतच साचण्याची भीती असल्याने डिस्टिल्ड पाणीच वापरणे योग्य. टाचणी किंवा तार घालणे, प्रिंटहेड खरवडणे आणि सिरिंजने जोराचा दाब देणे हे प्रकार यंत्राला कायमचे निकामी करू शकतात. प्रिंटहेड यंत्रात कायमस्वरूपी बसवलेले असल्यास हे काम जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवणेच श्रेयस्कर असते. अनुभवी तंत्रज्ञ प्रथम टोपी आणि रबरी पट्टी स्वच्छ करतो. त्यांवर शाईचा थर बसला असेल, तर प्रिंटहेड कितीही धुतले तरी ते पुन्हा वाळणारच असते.

अदृश्य खर्च

सफाईत ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जमा होते. ग्राहकाला हा खर्च सहसा दिसत नाही. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकहितासाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, अधूनमधून छपाई केली असता अनेक प्रिंटरमध्ये निम्मी किंवा त्याहूनही कमी शाई कागदावर पोहोचत असल्याचे आढळले होते. उर्वरित शाई मुख्यतः प्रिंटहेड मोकळे ठेवण्यासाठी खर्च झाली होती. याचा अर्थ कमी छपाई करणाऱ्या ग्राहकाला प्रत्येक पान अधिक महाग पडते. शाईच्या टाकीचे प्रिंटर आल्यापासून बाटलीतील शाई स्वस्त झाली आणि हा भार बराच हलका झाला, हे मान्य करावे लागेल. मात्र अशा अनेक यंत्रांत प्रिंटहेड स्थायी स्वरूपाचे असते. ते बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या तुलनेत इतका मोठा असतो की ग्राहक नवे यंत्र घेणे पसंत करतो. कार्ट्रिज महाग असले, तरी त्यासोबत प्रिंटहेडही नवे मिळते आणि टाकीची शाई स्वस्त असली, तरी प्रिंटहेडची जोखीम ग्राहकाकडे राहते. खरेदीच्या वेळी या दोन्ही बाजू समोर ठेवल्या जाणे आवश्यक आहे. महिन्यातून जेमतेम चार-दोन काळी पाने छापणाऱ्यासाठी कोरडी टोनर पूड वापरणारा लेझर प्रिंटर अधिक सोयीचा असू शकतो, कारण त्यात वाळण्याजोगी शाईच नसते.

शोषक पॅडचा प्रश्नही असाच आहे. पॅडमध्ये किती शाई गेली याचा हिशेब यंत्र ठेवते आणि ठरावीक मर्यादा आल्यावर छपाई थांबवते. पॅड भरून शाई बाहेर सांडू नये, हा त्यामागील हेतू उत्पादक सांगतात. तो रास्तही आहे. परंतु ज्या यंत्रांत पॅड ग्राहकाला बदलता येत नाही, तेथे एका साध्या शोषक तुकड्यासाठी संपूर्ण यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागते. लहान गावांत असे केंद्र जवळ नसते. मग पॅड तसेच ठेवून केवळ संगणकीय आकडा शून्यावर आणण्याचा मार्ग अवलंबला जातो आणि काही काळाने शाई टेबलावर उतरते. अलीकडच्या काही प्रिंटरमध्ये ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी देखभाल पेटी देण्यात आली आहे. काहींत प्रिंटहेडही सहज बदलता येते. दुरुस्तीस सुलभ रचना तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुरुस्तीच्या हक्काची चौकट

या पार्श्वभूमीवर धोरणांचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या सूचीत प्रिंटर आणि कार्ट्रिज यांचा समावेश आहे. या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट सोपवले आहे. २०२३-२४ साठी ६० टक्के असलेले हे प्रमाण २०२७-२८ पासून ८० टक्क्यांवर नेण्याची तरतूद आहे. परंतु यंत्र कचरा झाल्यानंतरची ही व्यवस्था आहे. ते कचरा होऊ नये यासाठीचा विचार दुरुस्तीच्या हक्काच्या चौकटीत येतो.

त्या दिशेने केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने पावले टाकली आहेत. जुलै २०२२ मध्ये समिती नेमण्यात आली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्यासाठी निवडलेली क्षेत्रे होत. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीचा अहवाल विभागाला सादर झाला. वस्तू किती सहज उघडता येते, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, अशा निकषांवर गुण देऊन ते विक्रीच्या ठिकाणीच ग्राहकाला दिसावेत, ही त्यामागील कल्पना आहे. मात्र त्यात भर स्मार्टफोन आणि टॅबलेट यांवर आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीविषयक निर्देशाची अंमलबजावणी सदस्य राष्ट्रांत ३१ जुलै २०२६ पासून व्हावी, असे ठरवण्यात आले. धुलाई यंत्रे, शीतकपाटे आणि मोबाइल फोन यांचा उल्लेख त्याच्या मूळ यादीत आहे, प्रिंटरचा नाही. प्रिंटर हे यंत्र दोन्हीकडे मागेच राहिले आहे.

उत्पादकांची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. हलक्या प्रतीची शाई वापरल्याने प्रिंटहेड बंद पडते आणि दोष यंत्राला दिला जातो, ही त्यांची तक्रार निराधार नाही. शाईतील कणांचा आकार, तिचा दाटपणा आणि ओलावा धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे प्रमाण यांत थोडाही फरक पडला, तरी सूक्ष्म छिद्रांवर परिणाम होतो. वेगवेगळ्या प्रकारच्या शाया एकत्र मिसळल्यास साका तयार होण्याचा धोका असतो. प्रिंटहेड यंत्रात स्थिर ठेवल्याने छपाईची अचूकता राखता येते, हाही युक्तिवाद विचारात घ्यावा असाच आहे. परंतु माहिती देण्याची जबाबदारी यापैकी कोणत्याही कारणाने कमी होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. हे यंत्र आठवड्यातून एकदा वापरावे लागेल, प्रिंटहेड बदलता येते की नाही, बदलण्यास किती खर्च येईल आणि शोषक पॅड कोणी बदलायचे, या चार गोष्टी खोक्यावर मराठी, हिंदी किंवा त्या त्या राज्याच्या भाषेत छापणे कोणत्याही उत्पादकाला जड नाही. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या पुढील टप्प्यात प्रिंटरचा समावेश झाल्यास या माहितीला अधिकृत रूप येईल. हमीच्या काळात दुरुस्ती नाकारली गेल्यास ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते.

तोपर्यंतचा मार्ग साधा आहे. आठवड्याला एक रंगीत पान, यंत्राच्या बटणानेच यंत्र बंद करण्याची सवय आणि बिघाड झाल्यावर घाई न करता एक रात्र थांबण्याचा संयम, एवढ्यावर अनेक यंत्रांचे आयुष्य वाढू शकते. प्रिंटहेडचे छिद्र केसाहून बारीक असले, तरी त्यामागे एखाद्या केंद्रचालकाची दिवसाची कमाई आणि एखाद्या विद्यार्थ्याची प्रवेशाची मुदत अडलेली असते. ज्या यंत्रावर एवढे अवलंबून आहे, त्याच्या देखभालीचे ज्ञान विक्रीनंतर दुरुस्तीच्या दुकानात मिळण्याऐवजी विक्रीच्या वेळीच मिळावे, ही अपेक्षा वाजवी म्हटली पाहिजे.